एका बीपची वाट

ऑगस्ट १९८१. फ्लोरिडातलं बोका रॅटन. तुमच्यासमोर टेबलावर आयबीएमचा कोरा पर्सनल कॉम्प्युटर आहे. १२ तारखेला तो जाहीर झाला. सगळ्यात स्वस्त मॉडेल १,५६५ डॉलरचं, त्यात मेमरी अवघी १६ केबी आणि फ्लॉपी ड्राइव्ह नाहीच. तुमच्या मशीनला ६४ केबी आहे, शिवाय एक ड्राइव्ह. चैन आहे तुमची! आता उजव्या बाजूला, पार मागे हात घाला. तिथला लाल खटका वर करा.

पंखा घुमतो. पडदा काळाच.

घाबरू नका, आत काम सुरू झालंय. शेजारचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल उघडा. आयबीएमने बायॉसचा सगळा कोड त्यात छापून टाकलाय, त्यामुळे काळ्या पडद्यामागे काय चाललंय ते ओळीओळीने वाचता येतं. ८०८८ प्रोसेसर आधी स्वतःलाच तपासतो: फ्लॅग चढतात-उतरतात का, रजिस्टरमध्ये टाकलेला आकडा तसाच परत मिळतो का. इथे गफलत निघाली तर मशीन जागच्या जागी थांबतं. तक्रारसुद्धा करत नाही, कारण ती करायची कोणी? तक्रार करणाराच बिघडलेला. मग बायॉसच्या रॉमची पाळी. तिच्यातल्या ८ केबीची बेरीज केली की शेवटचा बाइट शून्य यायला हवा.

आता खरी गंमत. मेमरी तपासायचा कोड म्हणजे एक सबरूटीन. तिथून परतायचा पत्ता स्टॅकवर ठेवायचा असतो, आणि स्टॅक असतो मेमरीत, जिचा अजून भरवसा नाही! पठ्ठ्यांनी काय केलं असेल? परतीचा पत्ता आधीच रॉममध्ये लिहून ठेवला आणि स्टॅक पॉइंटर तिकडे वळवला. सबरूटीन काम उरकून बिनबोभाट परत येतं. माझ्या मते त्या ८ केबीतली ही सगळ्यात देखणी जागा आहे.

मेमरीच्या आधी टायमर आणि डीएमए का तपासले, हेही लक्षात घ्या. मेमरीच्या चिप्समधली माहिती सतत ताजी केली नाही तर विरून जाते, आणि ती ताजी ठेवण्याचं काम या दोघांकडे आहे.

पडद्यावर कर्सर लुकलुकू लागला. प्रत्येक बाइटमध्ये १०१०१०१० आणि त्याच्या उलट ०१०१०१०१ लिहून वाचलं जातंय. शेजारचे बिट एकमेकांत मिसळत असतील तर इथे सापडतात. आणि सापडलंच: ०४०८ २०१.

२०१ म्हणजे मेमरी. ०४ म्हणजे चिप्सची दुसरी रांग, ०८ म्हणजे त्या रांगेतला चौथा बिट. मशीन बंद करा, झाकण काढा. रांगेत नऊ चिप्स दिसतील: आठ माहितीच्या, नववी पॅरिटीची. पहिली रांग बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली, बाकीच्या तीन सॉकेटमध्ये. तुमचं नशीब चांगलं, नेमकी चिप सॉकेटमध्ये आहे. ती उपसा, नवी बसवा. पाय वाकवू नका.

पुन्हा खटका. पुन्हा काळा पडदा, पुन्हा कर्सर, पुन्हा थांबणं. की-बोर्डवर हात टेकवून बसू नका. एखादी की दाबलेली राहिली तर ३०१ दिसेल आणि उगाच की-बोर्डवर आळ येईल.

बीप! एकदाच, छोटासा. सगळं ठीक. ड्राइव्हचा लाल दिवा लागतो.

ही वाट दिवसातून किती वेळा बघायची, या वैतागातूनच इथल्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने मशीन बंद न करता पुन्हा सुरू करायची सोय केली: कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत म्हणून तिसरी की दूर, उजवीकडची. तिन्ही दाबल्या की मेमरीत ठरलेल्या जागी १२३४ हा आकडा लिहिला जातो. बायॉसला तो दिसला की मेमरीची तपासणी गाळली जाते.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: नव्या चिपची खात्री करायची असेल तर त्या तीन कीजच्या वाटेला जाऊ नका. लाल खटकाच वापरा.