खिशात मावणारं हत्यार

आमच्या गावात पूर्वी तीन बंदुका होत्या. तिन्ही ठासणीच्या आणि तिन्ही पीक राखायच्या परवान्यावरच्या. त्यातली एक आमच्या आज्याची. नळीत आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, वरून गजानं ठासायचं, तेव्हा कुठं एक बार निघायचा. डुकरं निम्मी आवाजानंच पळत. ती लपवायचा प्रश्नच नव्हता. आजा ती खांद्यावर टाकून निघाला की वेशीतल्या पोरासोरांनाही कळायचं, आज हरभऱ्यात डुक्कर शिरलंय. निवडणूक लागली की पोलीस पाटलाचा निरोप यायचा आणि बंदूक ठाण्यात जमा व्हायची. तेवढे दिवस डुकरांचं राज्य. आचारसंहिता त्यांना कुठली लागू?

आता त्या बंदुका राहिल्या नाहीत. रस्त्यात जमिनी गेल्या, हातात पैसा आला, आणि दुसऱ्याच हत्याराची चौकशी सुरू झाली. थोरल्या भावाचा मुलगा जमिनीचे व्यवहार करतो, कधी रात्री-अपरात्री रोकड जवळ असते. मागच्या वर्षी तो मला विचारायला आला, "तात्या, रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? खिशात बसलं पाहिजे, कुणाला दिसता कामा नये." मी दहावी शिकलेला माणूस, पण जुनी पुस्तकं वाचतो, म्हणून मला विचारलं. त्याला तेव्हा जे सांगितलं तेच जरा ऐसपैस इथं लिहितो.

खिशातल्या हत्याराची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. फिलाडेल्फियात हेन्री डेरिंजर नावाचा बंदूककार होता. त्याची लहान पिस्तुलं तळहातात झाकून जात, पण बार एकच. 14 एप्रिल 1865 ला वॉशिंग्टनच्या नाटकगृहात बूथनं लिंकनला मारलं ते असल्याच पिस्तुलानं. एक बार झाला आणि पिस्तूल संपलं. लिंकनशेजारी बसलेला अधिकारी अंगावर आला तेव्हा बूथला सुरा काढावा लागला. बार वाढवायचे तर रिव्हॉल्व्हर हवं. त्यात पाच-सहा काडतुसांचं चक्र असतं, आणि खिशाचा घोळ त्या चक्रानंच होतो. पैरणीच्या खिशात कांदा ठेवल्यासारखा फुगवटा दिसतो. शिवाय मागचा घोडा उपसताना शिवणीत अडकतो.

ही अडचण सोडवली ती जॉन ब्राउनिंगनं. हा अमेरिकेतल्या युटाचा. पण त्याचं पिस्तूल तयार झालं बेल्जियमात, लीजजवळच्या हेर्स्टालच्या कारखान्यात. त्यानं चक्रच काढून टाकलं. काडतुसं एकावर एक रचून मुठीत घातली. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं वरचा लोखंडी भाग मागं सरकतो, रिकामं टरफल बाहेर फेकतो आणि परत येताना पुढचं काडतूस नळीत घेऊन येतो. बाहेर घोडाच नाही, त्यामुळं अडकायला काही नाही. 1900 सालच्या या पिस्तुलाची लांबी वीतभरसुद्धा नाही, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, काडतुसं सात. आणि मुख्य म्हणजे चपटं. पुढं 1906 मध्ये त्यानं याहून लहान केलं, साडेतीनशे ग्रॅमचं, साहेबाच्या जाकिटाच्या खिशात मावेल असं.

आता हे बेल्जियमचं पोर नाशकात कसं आलं ते बघा. 1857 च्या धसक्यानं इंग्रज हत्याराला आधीच बिचकून होते. 1878 मध्ये लिटननं कायदा केला. गोऱ्यांना मोकळीक आणि देशी माणसाला परवाना. कुर्गातल्या कोडवांसारखे थोडे सुटले, बाकी सगळे अडकले. म्हणून मग चोरवाटा. लंडनच्या इंडिया हाऊसमधून विनायकराव सावरकरांनी 20 ब्राउनिंग पिस्तुलं धाडली. चतुर्भुज अमीन म्हणून तिथला स्वयंपाकी होता, त्याच्या पेटीच्या खोट्या तळात ती होती. 1909 च्या मार्चात पेटी मुंबईला उतरली. 20 बंदुका कुणी पेटीत आणून दाखवाव्यात! चपटेपणाची किंमत इथं कळते.

त्याच वर्षी 21 डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाटकगृहात 'शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाचा कार्यक्रम. हा जॅक्सन संस्कृत जाणणारा म्हणून लोकांत पंडित म्हणवला जाई, पण बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्यावर धाडणाऱ्या खटल्यामुळं तरुणांच्या डोळ्यांवर आलेला. अनंत कान्हेरे हा औरंगाबादचा विद्यार्थी, वय सतराअठराचं. भरल्या नाटकगृहात, निमंत्रितांच्या गर्दीत तो बसला, आणि त्याच्याजवळ काय आहे ते कुणाला दिसलं नाही. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात तो, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत लागला आणि सावरकरांच्या दोन जन्मठेपांत एक ती. पुढं त्या विजयानंदात सिनेमे लागत.

पुतण्या म्हणाला, "तेच तर, तात्या. कुणाला दिसलं नाही ना?" मी म्हणलं, अरे, कान्हेऱ्यानं ते हत्यार एका रात्रीपुरतं जवळ बाळगलं होतं. घरी परत जायचा हिशेबच त्यानं केलेला नव्हता. तू सकाळी उठून ते खिशात घालणार, ट्रॅक्टरवर चढणार, चारीत वाकणार, घामात भिजणार आणि रात्री घरी आणणार. तुझा खिसा वेगळा.

त्याच्यासमोर निवड तरी कितीशी? नऊ मिलिमीटरचं साध्या नागरिकाला मिळत नाही. परदेशी माल 1980 च्या दशकातच बंद झाला, त्यामुळं आजोबांच्या वयाची विलायती पिस्तुलं लाखांनी विकली जातात. उरलं ते देशातच बनणारं, बहुतेक बत्तीस बोअर. गंमत अशी, की त्यातलं 'अशनी' पिस्तूल ब्राउनिंगनं 1900 च्या पिस्तुलासाठी काढलं तेच काडतूस खातं. रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं. 2014 मध्ये कानपूरनं बायकांच्या पर्ससाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, वजन अर्धा किलो आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. सव्वा लाखात किती बायकांचं रक्षण होणार, ते कानपूरलाच ठाऊक.

बसायला पिस्तूल बरं, ते चपटं. समजायला रिव्हॉल्व्हर बरं. चक्र बाहेर काढलं की भरलंय का रिकामं ते डोळ्याला दिसतं. पिस्तुलात मुठीतली काडतुसं काढली तरी नळीत एक राहू शकतं, आणि रिकामं समजून हाताळणाऱ्यांचे अपघात त्या एकानंच होतात. चाप झाकणारं कातडी म्यान दोन्हींना हवं. नुसतं खिशात टाकायचं नाही, त्या खिशात किल्ल्या नकोत, तंबाखूची डबी नको. पोलीस चौकशी, हत्यार हाताळायचं शिक्षण, पाच वर्षांनी नूतनीकरण हे सगळं करून परवाना मिळेलही. पण घरी आल्यावर ते ठेवायचं कुठं? आमच्या घरात कुलूप लागतं असं एकच कपाट, आणि त्याची किल्ली देवळीत.

मी त्याला तराजूचं अर्ध्या किलोचं माप काढून दिलं. म्हणलं, फडक्यात गुंडाळ आणि आठ दिवस खिशात वागव, अंगावेगळं करायचं नाही. पहिले दोन दिवस त्यानं इमानानं वागवलं. तिसऱ्या दिवशी खिसा फाटला म्हणून ते ट्रॅक्टरच्या सीटखाली गेलं. पाचव्या दिवशी आम्ही ते शोधत होतो, तर त्याच्या धाकटीनं भातुकलीच्या चुलीवर ठेवलेलं. फडकं सोडून बाहुलीला नेसवलं होतं.

परवान्याचा अर्ज त्यानं आणलाय, अजून भरलेला नाही. माप मी परत तराजूवर ठेवलं.