पदवी आहे, मत कुठे आहे?

मुंबई प्रांतात विधान परिषद आली १९३७ साली. तेव्हा तिच्यासाठी मत देण्याचा हक्क मोजक्याच मातबरांना होता. पुढे घटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले. शिवाय १७१ व्या कलमाने वरच्या सभागृहासाठी पदवीधर व शिक्षकांची वेगळी दारे ठेवली.

महाराष्ट्राच्या ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक. १२ राज्यपाल नेमतात. गदिमा याच शेवटच्या दाराने आत गेले होते.

आमच्या बार्शीचे नगरसेवक सोलापूरच्या जागेसाठी मतदार. पण ती जागा जानेवारी २०२२ मध्ये रिकामी झाली आणि पालिकांच्या निवडणुकाच लांबल्याने रिकामीच पडून राहिली.

पदवीधरांचे तसे नाही. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचा मिळून आमचा पुणे पदवीधर मतदारसंघ. पदवीला तीन वर्षे झाली की हक्क येतो. मात्र यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या खेपेचे नाव चालत नाही, अर्ज पुन्हा भरावा लागतो. मतपत्रिकेवर शिक्का नव्हे, पसंतीचे आकडे घालायचे. एकचा आकडा नसेल तर मत बाद!

कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी बार्शीत शिक्षणाची गंगा आणली. शेतकऱ्याच्या वाड्यात, आमच्या मोहल्ल्यातही बी.ए. झालेली मुले दिसू लागली. त्यांच्या पदव्या भिंतीवर चौकटीत आहेत, मतदारयादीत नावे नाहीत. तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला अर्ज तेवढा वेळेत भरा.