मार्कर आणि निशाण : बहुक्रीडा स्पर्धांतील स्क्वॉशच्या प्रवेशाचा इतिहास

इ. स. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईत भरले होते. त्या अधिवेशनात १६ ऑक्टोबर रोजी, लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिक स्पर्धांत पाच खेळांचा समावेश करण्याचा ठराव संमत झाला. क्रिकेटच्या पुनरागमनाची चर्चा भारतात इतकी झाली की, त्याच ठरावाने स्क्वॉश या खेळाला ऑलिंपिकचे दार प्रथमच उघडले गेले, ही गोष्ट जवळजवळ झाकून गेली. दीड शतकाहून अधिक काळ खेळल्या गेलेल्या या खेळास एवढा विलंब का लागला, याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, स्क्वॉश चार भिंतींच्या आत खेळला जातो, आणि म्हणून तो प्रेक्षकांस दिसत नाही. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. खेळ दिसतो की नाही, हा प्रश्न उद्भवण्यापूर्वी खेळणारा कोण, त्याचे समाजातील स्थान कोणते, आणि त्याला कोणाच्या वतीने खेळण्याचा अधिकार आहे, हे प्रश्न सुटावे लागले. स्क्वॉशच्या बहुक्रीडा स्पर्धांतील प्रवेशाचा इतिहास हा मुख्यतः या प्रश्नांचा इतिहास आहे.

१. नाव आणि उगम

स्क्वॉशचा जन्म ‘रॅकेट्स’ या जुन्या इंग्रजी खेळातून झाला. हा मूळ खेळ लंडनच्या कर्जदारांच्या तुरुंगांत, उंच भिंतींवर कठीण चेंडू मारून, वेळ घालविण्यासाठी खेळला जात असे. तेथून तो प्रतिष्ठितांच्या शाळांत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅरो येथील शाळेत, रॅकेट्सच्या कोर्टावर आपली पाळी येण्याची वाट पाहणारी मुले हवा गेलेल्या मऊ चेंडूने आसपासच्या भिंतींवर सराव करीत, आणि त्या सरावातून हा नवा प्रकार निघाला, अशी परंपरा आहे. भिंतीवर आदळताच चेपणारा चेंडू म्हणून त्या खेळाचे नावही चेपण्याच्या क्रियेवरूनच पडले. इ. स. १८६४ च्या सुमारास हॅरोमध्ये या खेळासाठी स्वतंत्र कोर्टे बांधली गेली.

येथे एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. ऑलिंपिकमध्ये या कुळातील खेळाला स्थान कधीच मिळाले नव्हते, असे नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅकेट्स हा खेळ होता. तो क्वीन्स क्लबच्या कोर्टावर खेळला गेला, आणि त्यात भाग घेणारे झाडून सारे खेळाडू ब्रिटिश होते. एकेरीचा अंतिम सामना तर खेळलाच गेला नाही. प्रतिस्पर्धी जखमी झाल्यामुळे इव्हान नोएल यास सुवर्णपदक मिळाले. पुढे रॅकेट्स ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसला नाही. एका देशातील एका वर्गाचा खेळ त्या वेळी ऑलिंपिकमध्ये सहज शिरू शकला, आणि त्याच खेळाचे अपत्य अनेक खंडांत पसरल्यावरही शतकाहून अधिक काळ बाहेर राहिले. जनक खेळास जे सहज लाभले ते अपत्यास का नाकारले गेले, याचे कारण त्या अपत्याच्या प्रसाराच्या मार्गात शोधावे लागते.

२. मार्कर

स्क्वॉशचा प्रसार साम्राज्याच्या वाटेने झाला. जेथे लष्करी छावणी तेथे अधिकाऱ्यांचा क्लब, आणि जेथे क्लब तेथे बहुधा कोर्ट, असा तो क्रम होता. कैरो, मुंबई, पेशावर ही या वाटेवरील ठाणी होत. परंतु कोर्टाबरोबर आणखी एक व्यक्ती आली, ती म्हणजे ‘मार्कर’. हा शब्द अर्थदृष्ट्या लक्षणीय आहे. मूळ अर्थ गुणांची नोंद करणारा; परंतु हिंदुस्थानातील क्लबांत त्याचा अर्थ विस्तारला. कोर्टाची निगा राखणारा, साहेबाला जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याशी खेळणारा, त्याला शिकवणारा, आणि या सर्वांबद्दल पगार घेणारा चाकर, एवढे सारे त्या एका शब्दात सामावले. उलटपक्षी, नियमपुस्तकात मात्र गुण पुकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ‘मार्कर’ हेच राहिले. एकाच शब्दाने एकीकडे सामन्याचा अधिकारी आणि दुसरीकडे क्लबचा नोकर ओळखला जावा, यात या खेळाची समाजरचना पुरती उतरली आहे.

हौशी आणि व्यावसायिक हा भेद इंग्रजी क्रीडाविश्वाने कसोशीने पाळला. विनावेतन खेळणारा तो सभ्य गृहस्थ. वेतन घेणारा, मग त्याचे कौशल्य कितीही असो, तो व्यावसायिक. मार्कर अर्थातच दुसऱ्या वर्गात पडे. हा भेद किती खोल होता हे इजिप्तच्या दोन खेळाडूंच्या तुलनेवरून दिसते. इ. स. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटिश ओपन अजिंक्यपद सहा वेळा जिंकणारा अम्र बे हा राजनैतिक अधिकारी होता; त्याला हौशी अजिंक्यपदाचेही दार उघडे होते, आणि तेही त्याने सहा वेळा जिंकले. त्याच्यानंतर १९४७ ते १९५० अशी सलग चार वर्षे ब्रिटिश ओपन जिंकणारा महमूद करीम हा कैरोच्या गझिरा क्लबचा पगारी शिक्षक होता. कौशल्याने दोघे एका पंक्तीचे. परंतु हौशींच्या नोंदवहीत एकालाच जागा होती.

पेशावरजवळील नवाकिल्ले या खेड्यातील हाशिम खान याचे उदाहरण अधिकच बोलके आहे. त्याचे वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात कारभारी होते. छप्पर नसलेल्या कोर्टाच्या भिंतीवर बसून बाहेर गेलेले चेंडू आणून देणे, आणि साहेब निघून गेल्यावर अनवाणी खेळणे, हे त्याचे शिक्षण. इ. स. १९४४ मध्ये मुंबईत झालेली पहिली अखिल भारतीय स्पर्धा त्याने जिंकली, आणि पुढील दोन वर्षे ते पद राखले. फाळणीनंतर अब्दुल बारी हा खेळाडू मुंबईतच राहिला, व १९५० मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. ज्याला आपण पूर्वी हरवले होते, तो भारताच्या नावाने लंडनला खेळतो, हे पाहून हाशिमने पाठबळ मिळवण्याची खटपट केली. पाकिस्तानच्या हवाई दलाने त्याला पाठवले, आणि १९५१ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, त्याने करीमला सरळ तीन डावांत हरवले. ब्रिटिश ओपन त्याने एकूण सात वेळा जिंकली. त्याचा भाऊ आझम, नातलग रोशन, आणि पुढे रोशनचा पुत्र जहांगीर यांनी ही परंपरा चालवली. क्लबच्या चाकरांच्या पोटी एका नव्या राष्ट्राची क्रीडाप्रतिष्ठा जन्माला आली.

याच वर्षी, म्हणजे १९५१ च्या मार्च महिन्यात, दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यांत स्क्वॉश नव्हता, आणि त्या काळच्या नियमांनुसार, असता तरी हाशिमसारख्या पगारी खेळाडूला तेथे उभे राहता आले नसते. ऑलिंपिक आणि राष्ट्रकुल स्पर्धांचा पायाही हौशीपणावरच रचलेला होता. तात्पर्य, ज्या काळात या खेळातील सर्वश्रेष्ठ माणसे आशिया व आफ्रिका खंडांतील होती, त्याच काळात बहुक्रीडा स्पर्धांचे नियम त्या माणसांनाच वगळणारे होते. इ. स. १९६७ मध्ये सात देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. भारत व पाकिस्तान दोन्ही देश संस्थापकांत होते, परंतु तिची पहिली जागतिक स्पर्धाही हौशी खेळाडूंपुरतीच होती. हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९८० मध्ये रद्द झाला, तेव्हा कुठे या खेळाला आपले खरे सर्वोत्तम खेळाडू कोणत्याही व्यासपीठावर पाठवणे शक्य झाले.

३. भिंत

यानंतर दर्शनाचा प्रश्न पुढे आला. कोर्ट ९.७५ मीटर लांब व ६.४ मीटर रुंद; चारही बाजूंनी भिंती; पाहणारे मागील सज्जावरून डोकावणार. अमेरिकेत तर कोर्टही अरुंद व चेंडूही कठीण होता, त्यामुळे एकाच नावाचे दोन खेळ जगात चालू होते. अमेरिकेतील प्रकार १९९० नंतर मागे पडला आणि खेळास एकरूपता आली. दरम्यान पारदर्शक भिंतींची कोर्टे तयार झाली. काळ्या चेंडूऐवजी पांढरा चेंडू वापरात आला. आत खेळणाऱ्यास भिंत दिसेल, आणि बाहेरच्यास आतले दिसेल, अशी काचेची योजना झाली. इ. स. १९९६ मध्ये गीझाच्या पिरॅमिडांसमोर असे काचेचे कोर्ट उभारून स्पर्धा घेण्यात आली, आणि अहमद बराडा या किशोर वयातील इजिप्शियन खेळाडूने तिच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. गुणपद्धतीही बदलली. केवळ सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळण्याची नऊ गुणांची जुनी रीत जाऊन, प्रत्येक चढाओढीला गुण देणारी अकरा गुणांची रीत २००९ मध्ये जागतिक संघटनेने स्वीकारली. क्लबाच्या आतल्या खोलीतील खेळ अशा रीतीने चौकात आणून ठेवला गेला.

४. निशाण

या दोन अडचणी दूर झाल्यावर प्रवेश झपाट्याने झाला. इ. स. १९९५ मध्ये मार देल प्लाता येथील पॅन अमेरिकन स्पर्धांत, १९९७ मध्ये लाहती येथील वर्ल्ड गेम्समध्ये, आणि १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल व बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत स्क्वॉश आला. क्वालालंपूरला पुरुष एकेरीत स्कॉटलंडच्या पीटर निकोलने, व महिलांत ऑस्ट्रेलियाच्या मिशेल मार्टिनने सुवर्णपदक मिळवले. बँकॉकला पुरुषांत पाकिस्तानचा झरक जहान खान विजयी झाला. महिलांत मलेशियाची निकोल डेव्हिड, वय वर्षे पंधरा. जेथे पुरुषांच्या खेळाने दारावर इतकी वर्षे वाट पाहिली, तेथे महिलांचा प्रवेश पहिल्याच दिवशी बरोबरीने झाला, ही बाब उपेक्षणीय नाही.

परंतु बहुक्रीडा स्पर्धा खेळाडूला निशाण देते, तेव्हा त्या निशाणाची बंधनेही देते. व्यावसायिक स्पर्धांत देशाचे नाव खेळाडूच्या नावापुढची केवळ एक खूण असते. येथे ते पात्रतेचे मूळ ठरते. पीटर निकोलने २००१ मध्ये स्कॉटलंड सोडून इंग्लंडचा पक्ष घेतला, आणि २००६ मध्ये मेलबर्न येथे इंग्लंडसाठी पुन्हा सुवर्णपदक जिंकले. एकाच खेळाडूची दोन सुवर्णपदके दोन राष्ट्रांच्या खात्यात जमा झाली. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. इजिप्त राष्ट्रकुलात नाही, आणि आशियाई स्पर्धांतही नाही. अम्र शबाना याने २००३ मध्ये इजिप्तला पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवून दिल्यानंतर, पुरुष व महिला दोहोंत तो देश या खेळाचा प्रमुख झाला. तरी या दोन्ही स्पर्धांच्या पदकयादीत त्याचे नाव असणे शक्य नव्हते. या स्पर्धांच्या निकालांवरून एकविसाव्या शतकातील स्क्वॉशचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक त्यातील प्रमुख पात्रासच वगळून बसेल.

भारतापुरते बोलायचे, तर बहुक्रीडा स्पर्धांनीच या खेळाला क्लबाबाहेरची ओळख दिली. इ. स. २०१० मध्ये ग्वांगझू येथे सांघिक प्रकार सुरू झाला. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांत जोश्ना चिनप्पा व दीपिका पल्लीकल यांनी महिला दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी इंचॉन येथे पुरुष संघाने आशियाई सुवर्ण मिळवले. इ. स. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धांच्या अंतिम सामन्यात भारत व पाकिस्तान समोरासमोर आले. मुंबईचा महेश माणगावकर पहिला सामना हरला, सौरव घोषालने बरोबरी साधली, आणि निर्णायक सामन्यात अभय सिंगने, हातातून जवळजवळ गेलेला डाव सावरून, नूर झमानला पाच डावांत हरवले. नूर हा १९७५ चा ब्रिटिश ओपन विजेता कमर झमान याचा नातू. त्या क्षणी कोर्टावर केवळ दोन राष्ट्रे नव्हती. एकीकडे पेशावरच्या घराण्यांतून वाहत आलेली विद्या होती, दुसरीकडे प्रशिक्षणकेंद्रांतून घडलेली नवी पिढी. छावणीच्या कोर्टावर १९४७ पूर्वी जे एकच होते, ते अशा प्रकारे दोन निशाणांखाली भेटले.

५. दार

ऑलिंपिकसाठीचे प्रयत्न मात्र वारंवार फसले. इ. स. २००५ मध्ये सिंगापूर येथे स्क्वॉशला आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. २००९ मध्ये गोल्फ व रग्बी यांची निवड झाली. २०१३ मध्ये ब्युनोस आयरेस येथे कुस्तीला ४९, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४ व स्क्वॉशला २२ मते पडली. सिंगापूरच्या वेळी जागतिक संघटनेचा अध्यक्ष होता जहांगीर खान : ब्रिटिश ओपन सलग दहा वेळा जिंकलेला, आणि क्लबच्या चाकरांच्या कुळातला. ज्या कुळातील माणसांना एकेकाळी हौशींच्या यादीत नाव घालण्यास मज्जाव होता, त्या कुळाचा प्रतिनिधी सबंध खेळाच्या वतीने ऑलिंपिक समितीपुढे उभा राहिला. त्याची मागणी मान्य झाली नाही; परंतु ती मागण्याचा अधिकार त्याच्याकडे आला होता, हे अंतर लहान नव्हे.

मुंबईच्या ठरावाने दार उघडले, तेव्हा त्याचे मोलही कोणी चुकते केले होते. हाशिम २०१४ मध्ये निवर्तला. जहांगीरने बँकॉकच्या स्पर्धांपूर्वीच खेळ सोडला होता. आठ वेळा जगज्जेती ठरलेली व आशियाई स्पर्धांत एकेरीची पाच सुवर्णपदके मिळवलेली निकोल डेव्हिड २०१९ मध्ये ऑलिंपिक न खेळताच निवृत्त झाली. जान्शेर खानच्या १९९७ मधील विजयानंतर पाकिस्तानच्या पुरुषांना ब्रिटिश ओपन जिंकता आलेली नाही. शिवाय, एकदा मिळालेला प्रवेश कायमचा असतो असेही नाही. ग्लासगो येथील २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दहाच खेळ ठेवण्यात आले, व त्यांतून स्क्वॉश गळला.

बहुक्रीडा स्पर्धांतील प्रवेश हा खेळाच्या गुणवत्तेचा निकाल मानणे म्हणूनच चूक ठरते. त्या प्रवेशातून दिसते ते एवढेच, की त्या त्या काळी कोणाला प्रतिनिधी मानले जात होते. १९०८ मध्ये प्रतिनिधी होता क्लबचा सभासद. लॉस एंजेलिसला तो राष्ट्राचा नागरिक असेल. या दोहोंच्या मध्ये जो उभा होता, ज्याने खेळ शिकवला, घडवला आणि शिखरास नेला, तो मार्कर मात्र कोणत्याच पदकयादीत आढळत नाही. त्याची नोंद करण्याचे काम इतिहासकाराकडेच राहते.