बटण दाबलं, पण डिस्प्ले नाही

पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी चितेगाव आहे. ‘व्हिडिओकॉन’च्या कागदपत्रांवर नोंदणीकृत पत्ता म्हणून हाच दगड वर्षानुवर्षं छापला जाई. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर देशात रंगीत प्रक्षेपण आलं आणि त्याच दशकात धूत कुटुंबाच्या या कंपनीने मराठवाड्यातून टीव्ही संच देशभर धाडायला सुरुवात केली. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तोवर बाहेरच्यांना माहीत होतं ते मकबऱ्यासाठी, हिमरूसाठी आणि वेरूळ-अजिंठ्याला जाताना करायच्या मुक्कामासाठी. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि शहराला दुचाकीची ओळख मिळाली. सर्किट बोर्डाची ओळख त्यामागोमाग आली, थोडी कमी गाजावाजात.

या शहरातल्या लॅपटॉप दुरुस्तीचा इतिहास सांगताना टीव्ही कशाला, असं कुणी विचारेल. पण पहिल्या पिढीचा संगणक उघडला की आत टीव्हीवाल्याला ओळखीचं बरंच काही दिसे. मॉनिटर म्हणजे पिक्चर ट्यूबच. वीजपुरवठ्याचा डबा, एसएमपीएस, रंगीत टीव्हीतही असायचा. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, डिसोल्डर पंप ही हत्यारंही तीच. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केलेल्या मुलाला संगणकाचा प्रोसेसर कळला नाही तरी वीज आत कुठवर पोचते आणि कुठे अडते, एवढं नक्की शोधता येई. निम्मे बंद संगणक त्यावर सुरू होत.

उरलेल्या निम्म्यांसाठी शिक्षण लागणार होतं. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारची ‘सीईडीटीआय’ ही इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवणारी संस्था विद्यापीठाच्या आवारात आली. पुढे ती संगणक-शिक्षणाच्या ‘डोएक’ या सरकारी संस्थेत विलीन झाली आणि २०११ पासून ‘नायलिट’ म्हणून ओळखली जाते. डोएकने प्रोग्रॅमिंगच्या ‘ओ लेव्हल’ परीक्षेबरोबर संगणकाच्या हार्डवेअर देखभालीचीही ‘ओ लेव्हल’ आणली होती. सॉफ्टवेअरची हवा असताना पान्हे-पेचकसांच्या बाजूची परीक्षा ठेवणं हा सरकारी शहाणपणा म्हणावा असाच. त्याची वाहवा फारशी झाली नाही.

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पहिला पीसी विकायला काढला तेव्हाच एक सोय करून ठेवली होती. बटण दाबलं की यंत्र आधी स्वतःची तपासणी करतं आणि सगळं ठीक असेल तर एकच ‘बीप’ देतं. आवाज लांबला किंवा पुन्हा पुन्हा आला तर काहीतरी बिनसलंय. त्यामुळे पडदा काळा असला तरी जाणकार कारागीर कान देऊन दोष सांगे: हा रॅमचा, तो डिस्प्ले कार्डाचा. रॅमवरचा उपाय तर शाळेच्या दप्तरातला होता. पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. हा उपाय आजही चालतो आणि आजही त्याचे पैसे घेतले जातात.

मग दोष तारेतून निघून तबकडीत शिरला. १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी वाचलं जाणाऱ्या जागेत, बसायचा. ६ मार्च १९९२ ला उठणारा ‘मायकलअँजेलो’ तर हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भागच पुसून टाकी. इथे मल्टिमीटर निरुपयोगी होता. याचं उत्तर महाराष्ट्रात एका दुरुस्तीच्या दुकानातूनच निघालं, तेही पुण्यात. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि नव्वदच्या सुमारास त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बाधलेले असत, म्हणून संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय त्यावर छोटे प्रोग्रॅम लिहू लागला. त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाची तक्रार ऐकणाऱ्याला बाजाराची गरज आधी कळते, याचं याहून चांगलं मराठी उदाहरण सापडणं कठीण.

२६ एप्रिल १९९९ ला मात्र हार्डवेअरची दुरुस्ती आणि व्हायरसचा बंदोबस्त हे दोन्ही धंदे एकाच टेबलावर आले. तैवानच्या एका विद्यार्थ्याचा ‘सीआयएच’ व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. डिस्कवरच्या माहितीसोबत तो मदरबोर्डवरच्या बायोस चिपमधला, यंत्र सुरू करून देणारा मजकूरही खराब करी. बायोस गेलं की बीपसुद्धा नाही. कारागिरांनी यावर एक धाडसी तोड काढली होती. तसाच दुसरा चांगला बोर्ड सुरू करायचा, तो चालू असतानाच त्याची बायोस चिप उपटायची, जागेवर मेलेली चिप दाबायची आणि तिच्यात नव्याने मजकूर लिहायचा. हात थरथरला तर दोन बोर्ड जायचे.

मराठवाड्यात या बिघाडांना विजेच्या लपंडावाची जोड मिळाली. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. शहराची वीज २०११ ते २०१४ एका खासगी कंपनीकडे देऊन पाहिली, तीही व्यवस्था टिकली नाही. डिस्कवर लिहिलं जात असताना दिवे गेले की विंडोजच्या फायली अर्धवट राहत आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ उमटे. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप या शहरात ऐटीपेक्षा गरजेचा ठरला, तो यामुळेही.

लॅपटॉपने नवी डोकेदुखी आणली. १ जुलै २००६ पासून युरोपने विद्युत उपकरणांत शिशाच्या वापरावर बंधन घातलं आणि जगभरचे कारखाने शिसंविरहित सोल्डरकडे वळले. जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळे, नवं सुमारे २१७ ला. घरगुती सोल्डरिंग गनने हे काम करणं अवघड झालं. त्यातच एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या आपल्या काही ग्राफिक्स चिप्स बिघडत असल्याचं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवले. औरंगाबादचा मे महिना, चाळिशीपार पारा, पंख्यात धूळ: अशा चिपला आणखी काय हवं? बोर्ड ठरावीक तापमानाला तापवणाऱ्या बीजीए मशीनवर चिप काढून, खाली नवे गोळे बसवून ती परत चिकटवण्याचं ‘रिबॉलिंग’ इथूनच बोकाळलं. पुष्कळदा खरा दोष चिपच्या आत असायचा. नुसत्या उष्णतेने तो तात्पुरता दबला जायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत गिऱ्हाईक परत दारात. या पद्धतीने जितकी घरं चालली, तितकाच विश्वासही उडाला.

तरी याच काळात ‘चिप लेव्हल’ ही वेगळी जात तयार झाली. हा कारागीर बोर्ड बदला असं सांगत नाही. एकोणीस व्होल्ट आत आले का, त्यातून पाच आणि तीन पूर्णांक तीन तयार झाले का, बटणाचा इशारा पोचला का, हे टप्पे तो सर्किट डायग्राम समोर ठेवून तपासतो. शॉर्ट सापडत नसेल तर बोर्डावर रोजिनचा धूर धरून मोजकी वीज सोडतो. जिथला पांढरा थर आधी वितळतो तिथला कपॅसिटर गेलेला. सुट्या भागांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसकडे डोळे लावून बसावं लागतं. 

अलीकडे कुलपं वाढली आहेत. अनेक लॅपटॉपांत रॅम, काहींत डिस्कही बोर्डावरच पक्की सोल्डर केलेली असते. डायग्राम बहुतेक कंपन्या देत नाहीत. केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्कासाठी’ समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. कुलूप सॉफ्टवेअरचंही असतं, हे १९ जुलै २०२४ ला दिसलं. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. भारतात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. त्यातली अनेक यंत्रं कुणीतरी समोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, एक फाइल पुसून सुरू केली. जिथे डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती तिथे त्याआधी ४८ आकडी किल्ली मागितली गेली. बोर्ड बदलला किंवा बायोस नव्याने लिहिलं की तीच किल्ली दुकानातही मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, म्हणून आता जाणता कारागीर झाकणाचे स्क्रू काढण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो: मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा ईमेल आठवतोय का?