‘विसरून जा’ म्हणण्यापूर्वी

एखाद्या स्त्रीवर लैंगिक अत्याचार झाला, की घरातील वडीलधारी माणसे तिला एकच सल्ला देतात : ‘झाले गेले विसरून जा, चारचौघांत बोलू नकोस.’ आम्हा धर्मगुरूंच्या तोंडूनही वर्षानुवर्षे हेच शब्द निघत आले आहेत. त्यामागील हेतू चांगला असतो. पण हेतू चांगला म्हणून औषध लागू पडतेच असे नाही. कोणत्या प्रकारच्या बोलण्याने ही जखम भरून येते, याचा पद्धतशीर शोध गेल्या पन्नास वर्षांत घेतला गेला. तो आमच्या कुटुंबांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न मात्र जुना आहे. इ. स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले, तेव्हा अनेक स्त्रियांवर बलात्कार झाले. त्यांत व्रतस्थ कुमारिकाही होत्या. लोकांनी बोट दाखवले ते त्यांच्याकडेच. अशाच प्रसंगानंतर आत्महत्या करणाऱ्या लुक्रेशियाचे गुणगान रोमन लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात याला उत्तर दिले. पावित्र्य हा मनाचा गुण असून दुसऱ्याच्या बळजबरीने ते भंगत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले; निरपराध स्त्रीने स्वतःला शिक्षा करावी, हे त्यांना मान्य नव्हते. दोष कुणाचा, हे त्यांनी सांगितले. पण दुखावलेले मन सावरायचे कसे, हा प्रश्न उरलाच.

त्याकडे शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. १९७२ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या रुग्णालयात अ‍ॅन बर्जेस या परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ बलात्कारपीडित स्त्रियांना भेटू लागल्या. निरोप आला, की रात्री-अपरात्रीही त्या रुग्णालय गाठीत. वर्षभरात भेटलेल्या ९२ प्रौढ स्त्रियांवर आधारलेला त्यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुःस्वप्ने, दचकणे, एकटेपणाची भीती हा मनाचा दुबळेपणा नसून आघाताचा परिणाम आहे, हे त्यातून पुढे आले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे नाव अधिकृत यादीत घातले. त्यास व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची व्यथा मुख्यतः कारण झाली. पण तीच लक्षणे या स्त्रियांतही आढळत होती.

पुष्कळ स्त्रियांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, त्यांच्यासाठी उपचारांची तुलना सुरू झाली. एड्ना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ४५ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणींना केवळ सहानुभूतीचे समुपदेशन मिळाले, काहींना भीती आवरण्याची कौशल्ये शिकविली गेली, तर काहींनी सुरक्षित जागी, प्रशिक्षित व्यक्तीसमोर तो प्रसंग पुनःपुन्हा सांगितला. उपचार संपताच कौशल्ये शिकलेल्या स्त्रिया पुढे होत्या. काही महिन्यांनंतर मात्र आठवणीला सामोऱ्या गेलेल्या स्त्रिया अधिक सावरलेल्या दिसल्या.

त्याच सुमारास पॅट्रिशिया रेसिक यांनी बारा बैठकांची दुसरी पद्धत बांधली. ‘मी तिथे गेलेच का?’, ‘मी ओरडले का नाही?’ अशा स्वतःला दोषी धरणाऱ्या विचारांची त्यात शांतपणे छाननी केली जाते. ऑगस्टीन यांनी सांगितलेले सत्य ही स्त्री येथे स्वतःच्या विचाराने गाठते. २००२ साली १७१ स्त्रियांवर या दोन्ही पद्धतींची तुलना झाली. दोन्ही जवळजवळ सारख्याच गुणकारी ठरल्या. अपराधभावाच्या काही बाबतींत रेसिक यांची पद्धत थोडी सरस होती. पाच ते दहा वर्षांनी यांपैकी १२६ जणींची पुन्हा भेट घेतली, तेव्हा सुमारे पाचांपैकी चार जणींत तो विकार उरला नव्हता. २००८ च्या एका अभ्यासात, प्रसंगाचा तपशील लिहून न काढता केवळ विचारांची छाननी केली तरी गुण येतो, असेही दिसले. म्हणजे कुणाकडूनही सारे वदवून घेण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

हे केवळ श्रीमंत देशांचे चोचले आहेत काय? युद्धाने होरपळलेल्या पूर्व काँगोतील खेड्यांत ही पद्धत गटांमध्ये वापरण्यात आली. निरक्षर स्त्रियांसाठी ती सोपी केली गेली आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी ती चालविली. ४०५ स्त्रियांवरील हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर केवळ वैयक्तिक आधार मिळालेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांत नैराश्याची वा चिंताविकाराची लक्षणे होती. गट-उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते.

या इतिहासातून आम्ही एवढे शिकलो, की दयाळू कान हवाच. पण तो पुरेसा नसतो. आपल्या देशातही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा पीडितांना वैद्यकीय उपचारांबरोबर मानसिक आधार देण्यास सांगितले आहे. तेव्हा घरच्यांनी ‘तू तिथे का गेलीस?’ हा प्रश्न गिळावा, तिच्यावर विश्वास ठेवावा आणि तिची तयारी असल्यास तिला डॉक्टरकडे, प्रशिक्षित समुपदेशकाकडे स्वतः सोबत न्यावे. आणि अशी एखादी भगिनी आम्हा धर्मगुरूंसमोर क्षमा मागू लागली, तर क्षमा मागण्यासारखे तिच्या हातून काहीच घडलेले नाही, हे आम्ही तिला आधी सांगावे.