वसंताची घरगुती दफ्तरे

घरातल्या वहीला इतिहासाचे साधन म्हणून मान मिळतो, तो बहुधा तिच्यात कोणी मोठा माणूस डोकावून गेला असेल तरच. नाहीतर दुधाचा हिशेब, पापड घातल्याची तारीख, परसातल्या आंब्याला मोहोर कधी आला, हे सगळे रद्दीत जाते. मी चाळिशीत मोडी शिकले, ती जुने जमाखर्च वाचता वाचताच. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. घरातल्या रोजच्या नोंदी कधी इतिहास होतात, आणि कशामुळे? या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर इंग्लंडमधल्या दोन घरांत आहे. दोन्ही घरे अठराव्या शतकातली आहेत, आणि दोन्हींकडे थंडी सरताना बाग कशी जागी होते एवढेच टिपलेले आहे.

पहिले घर नॉर्फक परगण्यातल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस या गावचे. रॉबर्ट मार्शम हा तिथला जमीनदार. जन्म 1708 चा. झाडे लावण्याचा आणि लावलेल्या झाडांचे घेर मोजत बसण्याचा त्याला नाद होता. 1736 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली आणि 1797 मध्ये मरेपर्यंत साठ वर्षे तो त्या लिहीत राहिला. त्याच्या खुणा सत्तावीस. स्नोड्रॉपचे पहिले फूल, थ्रश पक्ष्याचे पहिले गाणे, रूक कावळ्यांनी घरटी बांधायला घेणे, बेडकांचे डराव, पहिले पिवळे फुलपाखरू, सलगमाला फुले, पहिली भिंगरी, पहिला कुक्कू, रातव्याचा आवाज. आणि ओक, बीच, बर्च, एल्म, लाइम, ॲश अशा तेरा-चौदा झाडांना पहिले पान कधी फुटले, त्या तारखा. यात दुर्मीळ असे काही नाही, हे लक्षात घ्यावे. घराच्या दारातून किंवा शेताच्या बांधावरून जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच. 1789 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा तक्ता छापून आला.

याच घरी 1755 साली बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हा विद्वान पाहुणा म्हणून राहिला. स्वीडनमध्ये लिनियसच्या प्रेरणेने उप्साला गावी कोणते झाड कधी फुलते याची पंजिका तयार होत होती, तशीच त्याने या इंग्रजी गावाची केली. (विदुषींना हिणवायला इंग्रजीत ‘ब्लू स्टॉकिंग’ म्हणत, तो शब्द या गृहस्थाच्या निळ्या लोकरी मोज्यांवरून आल्याचे सांगतात. शेरा बायकांना, मोजे मात्र पुरुषाचे.)

दुसरे घर हॅम्पशायरमधल्या सेलबोर्नचे. गिल्बर्ट व्हाइट याचे नाव आपल्याकडच्या पक्षिनिरीक्षकांना नवे नाही. 1720 मध्ये जन्मलेला हा अविवाहित पाद्री, 1789 सालच्या त्याच्या सेलबोर्नवरील ग्रंथामुळे अमर झाला. पण ग्रंथाच्या आधी त्याची बागेची वही आहे. ती 1751 ची. तिच्यात निसर्गवर्णन शोधणाऱ्याची निराशा होईल, कारण तिच्यात लीद आहे. घोड्याची लीद किती गाड्या आली, वाफ्यात तिचा थर कधी घातला, तो फार तापला की थंड पडला, त्यावर माती आणि काचेची झाकणे कधी ठेवली, काकडीचे बी कधी उगवले, खरबुजाच्या वेलांचे काय झाले. बाहेर बर्फ असताना लिदीच्या उबेवर काकडी धरायची हा त्याचा दरवर्षीचा हट्ट होता. मला ही वही ग्रंथाहून जवळची वाटते. ज्याने बागेत स्वतः काही मागे लावलेले असते, त्याचेच लक्ष बागेकडे सारखे असते.

‘स्वतः’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. कुदळ बहुतेक वेळा टॉमस होअरच्या हातात असे. हा त्याचा माळी, मोतद्दार आणि घरगडी; चाळीस वर्षे चाकरीत. मालक परगावी गेले की पर्जन्यमापकातले पाणी टॉमस मोजून ठेवी. व्हाइटच्या पावसाच्या आकड्यांवर पुढे विश्वास ठेवला गेला, त्यात टॉमसचाही वाटा आहे. मुखपृष्ठावर तो नाही.

1768 पासून व्हाइटच्या नोंदींना शिस्त आली ती एका छापील कोऱ्या नमुन्यामुळे. डेन्स बॅरिंग्टन या त्याच्या मित्राने रकाने आखून दिले होते. वायुभार, तापमान, वारा, पाऊस, कोणत्या झाडाला पान आले, काय फुलले, कोणते पक्षी-कीटक दिसले किंवा दिसेनासे झाले, आणि शेवटी ‘संकीर्ण’. व्हाइटने हे तक्ते मरेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे भरले. घर त्यात हळूहळू शिरले. भावंडांना मूल झाले की काकड्यांच्या आणि भिंगऱ्यांच्या शेजारीच पुतण्या-भाच्यांचा एकूण आकडाही तो वाढवून लिही. शेवटी तो साठाच्या पुढे गेला होता. विधवा भावजय घरात राहायला आली, पाहुणे आले-गेले, आणि वसंत ऋतू या सगळ्यांच्या मधून येत राहिला.

छापील रकान्यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो मी आमच्या घरी पाहिला आहे. माझी आई डायरी लिहिणाऱ्यांतली नव्हती. पण साताऱ्याच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असे आणि त्याच्या चौकटीत ती लिही. ‘दूध नाही’, ‘सिलिंडर लावला’, ‘इस्त्रीचे 14 कपडे’. माघ-फाल्गुनात त्याच चौकटींत ‘मोहोर’, ‘शेवग्याला फूल’, ‘कोकीळ पहाटे’ हेही येई. कोरी वही दिली असती तर तिने यातले एक अक्षर लिहिले नसते. चौकट होती म्हणून लिहिले.

पुन्हा सेलबोर्नला. मार्च 1780 मध्ये व्हाइटची आत्या वारली आणि रिंगमर गावच्या तिच्या बागेतले कासव त्याच्याकडे आले. टिमथी नावाचे हे कासव तेव्हा जमिनीत झोपलेले होते. त्याला उकरून, पेटीत मातीसह भरून, टपालगाडीने ऐंशी मैल आणले. धक्क्यांनी ते जागे झाले, बागेत सोडल्यावर थोडे फिरले आणि थंडी पाहून पुन्हा मातीत शिरले. पुढची तेरा वर्षे टिमथी कधी डोके वर काढतो हे व्हाइटच्या बागेतल्या वसंताचे एक माप झाले. साधारणपणे एप्रिलमध्ये तो वर येई. त्याला तागडीत घालून वजनही करीत. भरे साधारण तीन किलो. (टिमथी मादी होती हे नंतर कळले. तिचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.)

या कासवाचा संबंध त्या काळच्या एका मोठ्या वादाशी लागतो. भिंगऱ्या हिवाळ्यात जातात कुठे? दूर देशी, की इथेच कुठे बिळात, चिखलात झोपून राहतात? व्हाइटला स्थलांतर मान्य होते; तरी काही थोड्या तरी इथेच दडत असाव्यात ही शंका त्याला मरेपर्यंत सोडेना. माणसे लावून त्याने टेकडीवरची झुडपे आणि पोकळ्या धुंडाळल्या. काही सापडले नाही. त्याचे चुकले हे आज शाळकरी मूलही सांगेल. पण ज्याच्या स्वतःच्या वाफ्यात एक जीव पाच महिने मातीखाली राहून जिवंत वर येतो, त्याला भिंगरीबद्दल अशी शंका येणे मला तरी मूर्खपणाचे वाटत नाही. उलट, या शंकेपायीच तो पहिली आणि शेवटची भिंगरी इतक्या नेमाने लिहीत गेला.

व्हाइटचे पुस्तक वाचून 1790 मध्ये मार्शमने त्याला पत्र घातले. एक ब्याऐंशीचा, दुसरा सत्तरीचा. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. तीन वर्षे झाडांचे घेर, भिंगऱ्या आणि कुक्कू यांच्यावर पत्रे चालली. चाळीस वर्षे आधी ओळख व्हायला हवी होती, अशी खंत व्हाइटने बोलून दाखवली आहे. त्याचे मार्शमला गेलेले शेवटचे पत्र 15 जून 1793 चे. 26 जूनला तो वारला.

यापुढे दोन्ही घरांच्या वाटा निराळ्या होतात. व्हाइटची वही त्याच्याबरोबर थांबली. मार्शमची थांबली नाही. मुलाने, नातवाने, पुढच्या पिढ्यांनी तेच रकाने भरत ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही वर्षांचा खंड आहे. शेवटच्या नोंदी मेरी मार्शम या बाईंच्या, 1958 पर्यंतच्या. 1926 मध्ये आयव्हन मार्गरी यांनी ही सारी सामग्री जुळवून छापली. 1995 मध्ये स्पार्क्स आणि केरी यांनी दोनशे वर्षांच्या तारखा तापमानाशी ताडून पाहिल्या. इंग्लंडच्या मध्यभागाची 1659 पासूनची मासिक तापमाने गॉर्डन मॅन्ली यांनी आधीच जुळवून ठेवली होती, त्यामुळे हे जमले. निष्कर्ष ऐकायला साधा आहे. वर्षारंभी ऊब जास्त असली की बहुतेक खुणा लवकर येतात, आणि कोणती खूण किती लवकर येते ते प्रत्येकीचे वेगळे असते. हवामान बदलते आहे म्हणजे ओकच्या पानापुरते नेमके काय होते, हे सांगायला यंत्राइतकीच ही घरची वही उपयोगी पडली. 1736 मध्ये मार्शमच्या डोक्यात यातले काहीही असणे शक्य नव्हते.

तारखा ताडण्याआधी एक अडचण होती, आणि ती आपल्याकडच्या अभ्यासकाला लगेच कळेल. 1752 पर्यंत इंग्लंडात जुने ज्युलियन पंचांग चाले. त्या वर्षी 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी 14 सप्टेंबर धरला. अकरा दिवस गाळले. म्हणजे मार्शमच्या पहिल्या सतरा वसंतांची प्रत्येक तारीख अकरा दिवस पुढे सरकवावी लागते. त्यातून तोवर सरकारी वर्ष 25 मार्चला बदले. स्नोड्रॉपचे फूल जुन्या सालात आणि ओकचे पान नव्या सालात, असा प्रकार. फाल्गुन-चैत्राच्या सांध्यावर जंत्री उघडून बसलेल्या माणसाला यात काही परके वाटणार नाही. आपल्याकडे तर अधिक मासामुळे ‘फाल्गुनात मोहोर’ या शब्दांचा अर्थच वर्षागणिक तीन-चार आठवडे हलतो. तिथीवर लिहिलेली मोहोराची नोंद जंत्रीशिवाय मुकी असते.

आई गेल्यावर मी तिची कॅलेंडरे शोधली. एकही नव्हते. ती कुठे गेली हे मला ठाऊक होते, कारण ती आम्हीच वापरली होती. जूनमध्ये आदल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाने शाळेच्या पुस्तकांना कव्हर म्हणून जात. पान जाड असे आणि पांढरी बाजू वर घेता येई. माळ्यावर माझे नववीचे भूमितीचे पुस्तक मिळाले. कव्हर उलगडले तर आत फेब्रुवारी. दुमडीत बसावे म्हणून वरची पट्टी कात्रीने कापलेली. साल गेलेले, शकही गेलेला. 20 तारखेच्या चौकटीत आईचे अक्षर, ‘मोहोर दिसला. दूध 1 ली. जास्त’.

वीस तारखेला रविवार होता. नुसत्या वारावरून अनेक साले निघतात. पण त्याच चौकटीत बारीक टायपात ‘अधिक फाल्गुन’ छापलेले होते, आणि अधिक फाल्गुन फार क्वचित येतो. जंत्री काढली. 1982-83 च्या हिवाळ्यात क्षयमास आला होता, एकाच चांद्रमासात दोन संक्रांती. त्याच्या पाठोपाठ अधिक फाल्गुन. त्यामुळे त्या वर्षी गुढीपाडवा थेट 14 एप्रिलला गेला. माझ्या शाळेच्या वर्षांत दुसरा अधिक फाल्गुन नाही. नववीला मी 1984 च्या जूनमध्ये गेले, तेव्हा आदल्या वर्षीचे पान कव्हरला लागले हेही जुळते.

आमच्या परसातल्या आंब्याला मोहोर दिसला तो रविवार, 20 फेब्रुवारी 1983. बाकीच्या वर्षांसाठी मी आता बहिणीच्या माळ्यावरची पुस्तके उतरवून घेतली आहेत. तिला कव्हर घालायला खाकी कागदच लागायचा, तरी बघते.