बंदुकीवरील दुर्बीण

एकोणिसाव्या शतकांत मुंबई सैन्यांतील डेव्हिड डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें रायफलीवर दुर्बीण बसविण्याचा पुरस्कार केला. ती व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगास जडवीत. अमेरिकन यादवी युद्धांत (१८६१–१८६५) तिचा उपयोग झाला. खरें मर्म मात्र भिंगांत नव्हतें, बैठकींत होतें. बैठक केसभर ढळली, तर लांब पल्ल्यावर नेम वीतभर चुके आणि जनावर जखमी होऊन रानांत तडफडे. म्हणून बैठक घट्ट आवळावी, दुर्बीण नळीच्या रोखाशीं जुळवावी, मग निशाणावर गोळ्या झाडून नेम पारखावा, हा दंडक पडला.

पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनीं शिकारीचे दिवस संपविले. मुळशीच्या ताम्हिणी रानांत आज दुर्बीण लागते, ती पांखरें न्याहाळण्यास.